चार्जिंगवरचा पेपर आणि सात नावं

एका विद्यार्थ्याने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएचडीचं तिसरं वर्ष. विषय: पुण्यातल्या एका मोठ्या गृहसंकुलात इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगचा तिथल्या डीपीवर, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मरवर, येणारा भार, आणि तो रात्रभरात पसरवून देण्याची पद्धत. पेपर तयार आहे, पण नावं सातवर गेली आहेत. स्वतः विद्यार्थी, गाइड, विभागप्रमुख, चार्जर बसवणाऱ्या कंपनीचे दोघे, चार्जरच्या नोंदी (लॉग) साफ करून देणारा एम.टेक.चा ज्युनिअर आणि डीपीची रीडिंग मिळवून देणारे महावितरणचे अभियंता. शिवाय इंग्रजी चॅटजीपीटीकडून नीट करून घेतलंय. ‘कोणाचं नाव ठेवू, कोणाचं काढू, आणि क्रम कसा लावू?’

मी वीज वितरणातून चार्जिंगच्या संशोधनाकडे आलो. पेपर लिहिले, तपासले, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं. पण या प्रश्नाचं उत्तर मला नियमांच्या पुस्तकातून मिळालं नाही, एका फजितीतून मिळालं. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने निवासी चार्जिंगवर एक पेपर पाठवला. लेखक नऊ. मी सहावा. निष्कर्ष मोठा देखणा होता: चार्जिंगचं शिखर दुपारी २ च्या सुमारास येतं, म्हणजे छतावरच्या सौर विजेशी त्याची जोडी आपोआप जमते. आलेखही सुबक. दुसऱ्या रिव्ह्यूअरने एकच ओळ लिहिली: राहत्या सोसायटीत आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी २ ला एवढ्या गाड्या घरी कशा? नऊ जणांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणालाच सांगता येईना. शेवटी ज्या मुलाने तो डेटा साफ केला होता, त्याला फोन लावला. तो तोवर नोकरीला लागला होता, आणि पेपरमध्ये त्याचं नाव आभाराच्या शेवटच्या ओळीत होतं. तो म्हणाला, “सर, ती वेळ यूटीसीत आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं.” यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तेवढे मिळवले की दुपारचे २ म्हणजे संध्याकाळचे साडेसात. माणसं ऑफिसातून आली, गाडी लावली, चार्जिंगची गन जोडली. सौर वीज तेव्हा मावळलेली. पेपर मागे घेतला.

त्या दिवसापासून मी लेखकांची यादी एकाच कसोटीवर तपासतो. उद्या या आकड्यावर बोट ठेवून कोणी विचारलं, तर उत्तर कोण देणार? ज्याच्याकडे पेपरमधल्या एखाद्या कळीच्या भागाचं उत्तर आहे, तो लेखक. ज्याच्याकडे कशाचंच नाही, तो कितीही मोठा असला तरी नाही. आमच्या त्या पेपरात आठ-नऊ नावं लग्नपत्रिकेतल्या ‘आपले विनीत’सारखी होती. सगळी मानाची, आणि मांडव कोणी घातला ते कोणालाच ठाऊक नाही.

म्हणून सात नावं तूर्त बाजूला ठेवा आणि एका कोऱ्या कागदावर पेपरमधली कामं लिहा. चार्जिंगच्या पेपरात ती नेमकी कोणती असतात, हे सविस्तर सांगतो. वाद तिथेच मिटतो.

पहिलं काम लॉगचं, आणि आपल्या विषयात त्याला सगळ्यात कमी मान मिळतो. चार्जर आणि कंपनीचा सर्व्हर बहुतेक ठिकाणी ओसीपीपी या भाषेत बोलतात. तिची १.६ ही आवृत्ती अजून सर्रास चालते. तिच्यात व्यवहार सुरू झाल्याचा एक संदेश, मधूनमधून मीटरचे आकडे, आणि व्यवहार संपल्याचा एक संदेश असतो. ऐकायला सोपं आहे. पण सोसायटीच्या बेसमेंटमध्ये मोबाइलची रेंज नसते. संपल्याचा संदेश अडकला की दोन गाड्यांची सत्रं एकमेकांना चिकटतात. मग ३०.२ किलोवॅट-तासांची (म्हणजे तेवढ्याच युनिटांची) बॅटरी असलेल्या जुन्या नेक्सॉनने एका बैठकीत ४५ युनिट घेतल्याचं दिसतं. बॅटरीत जाताना थोडी वीज वाया जाते, त्यामुळे भिंतीकडून ३३-३४ युनिट गेली तर समजू शकतो. ४५ जाणं शक्यच नाही. मीटरचा आकडा चढत जाणारा, घराच्या मीटरसारखा असतो, त्यामुळे सत्राची वीज काढायला शेवटच्यातून पहिला वजा करावा लागतो. तो आकडा मुळात वॅट-तासांत असतो. कोणी किलोवॅट-तास समजून घेतला तर हजारपट गोंधळ. वेळ यूटीसीत नोंदवावी अशी त्या प्रोटोकॉलचीच शिफारस आहे, आणि आमची फजिती तिथेच झाली. याशिवाय शून्य युनिटांची सत्रं असतात, गाडी पूर्ण भरल्यावरही सकाळपर्यंत गन जोडून ठेवणारे महाभाग असतात. ‘चार्जरला जोडलेला वेळ’ आणि ‘चार्जिंगचा वेळ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भार पसरवण्याची तुमची सगळी पद्धत या दोन वेळांच्या फरकावर उभी आहे. गाडी ११ तास जोडलेली आणि वीज ४ तासांचीच लागणार, म्हणून तर तुम्हाला ते ४ तास पुढे-मागे सरकवता येतात.

आता सांगा, हे निर्णय कोणी घेतले? कुठलं सत्र टाकायचं, कुठलं तोडून दोन करायचं, कुठे रेष मारायची? ज्युनिअरने घेतले असतील तर त्याने ‘डेटा साफ केला’ नाही. त्याने तुमच्या पेपरचा अर्धा निष्कर्ष ठरवला. शब्द जपून वापरा. ‘साफ केला’ म्हटलं की झाडूवाला डोळ्यांसमोर येतो आणि नाव आपोआप आभारात जातं.

दुसरं काम वीज-जाळ्याच्या प्रतिकृतीचं. तुम्ही खऱ्या डीपीची रीडिंग घेतली आहेत, हे वाचून बरं वाटलं. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या चार्जिंगवरच्या पेपरांत ३३ बसचं (बस म्हणजे जाळ्यातला जोडबिंदू) तेच ते नमुना-जाळं फार वेळा दिसतं. १९८९ मध्ये बरान आणि वू यांनी वाहून नेताना होणारं विजेचं नुकसान कमी करण्यासाठी जाळ्याची फेरजोडणी कशी करावी, यासाठी ते मांडलं होतं. व्होल्टेज १२.६६ केव्ही, एकूण भार ३,७१५ किलोवॅट. आपल्याकडे ११ केव्ही. त्या जाळ्यात इलेक्ट्रिक गाड्या नव्हत्या, सोसायटी नव्हती आणि तिन्ही फेजवर भार सारखा धरलेला असतो. तरी त्यावर गाड्या ठेवायच्या, लांडगा, देवमासा किंवा मुंगी यांच्या नावाचा एक अल्गोरिदम चालवायचा आणि ‘नुकसान इतके टक्के घटले’ म्हणून पेपर काढायचा, हा एक कुटीरोद्योगच झालाय. असल्या पेपरात लेखकत्वाचा प्रश्न सोडवणं अवघड जातं, कारण उत्तर देण्यासारखं काही कोणाकडेच नसतं.

खऱ्या डीपीवर काय होतं ते पाहा. ३२ अँपिअरचा सिंगल-फेज चार्जर २३० व्होल्टला सुमारे ७.४ किलोवॅट ओढतो. वायरमनने सोय पाहून दहा जणांचे चार्जर एकाच फेजवर घेतले, तर ते ७३.६ किलोवॅट झाले. ३१५ केव्हीए क्षमतेच्या डीपीवर हा भार २३ टक्के दिसतो, म्हणजे काळजीचं कारण नाही. पण एका फेजच्या वाट्याला १०५ केव्हीए येतात. त्या फेजवर हाच भार ७० टक्के आहे, आणि लिफ्ट, पंप, एसी अजून मोजलेले नाहीत. म्हणून महावितरणच्या अभियंत्यांनी काय दिलं, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्यांनी फक्त रीडिंगची शीट दिली, की ‘आर फेज बघा, बाकीचे दोन रिकामे आहेत’ हेही सांगितलं? पहिलं असेल तर आभार. दुसरं असेल, आणि तुमच्या पेपरातला असमतोलाचा भाग त्या वाक्यातून उगवला असेल, तर ते लेखक होण्याच्या वाटेवर आहेत.

तिसरं काम पद्धतीचं. रात्री १० नंतर वीज स्वस्त केली की सगळ्यांचे टायमर १० लाच सुरू होतात, आणि साडेसातचा उंचवटा मोडून १० वाजता त्याहून टोकदार सुळका उभा राहतो. हे आता जुनं झालं. दशकाहून जास्त काळ यावर काम चालू आहे. २०१० च्या आसपास बेल्जियममधल्या गटाने घरगुती जाळ्यावरचा परिणाम मांडला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या लो यांच्या गटाने प्रत्येक गाडीने आपला वेळ आपणच ठरवूनही रात्रीच्या कमी मागणीची दरी कशी भरते ते गणिताने दाखवलं. तुमच्या पेपरात तुमचं नवं काय? ते ज्याच्या डोक्यातून आलं आणि ज्याने ते कागदावर उतरवलं, तो पहिला लेखक. तुमच्या लिहिण्यावरून तो माणूस तुम्ही आहात, हे मी धरून चालतो. गाइडने चहा पिताना ‘सगळ्यांना एकाच वेळी सुरू करू नको, पार्किंगच्या नंबरानुसार सोड’ असं म्हटलं असेल आणि पुढे मसुदे वाचून खाडाखोड केली असेल, तर त्यांचं लेखकत्व निर्विवाद आहे.

आता नियम. तुम्ही आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या जर्नलकडे जाताय. तिथे तीन अटी आहेत आणि तिन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात: संशोधनात बौद्धिक स्वरूपाचं ठोस योगदान, मसुदा लिहिण्यात किंवा त्यावर गंभीरपणे काम करण्यात सहभाग, आणि अंतिम मसुद्याला मान्यता. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची समिती आणखी एक अट घालते. ती २०१३ मध्ये आली: पेपरच्या कुठल्याही भागाबद्दल शंका निघाली तर तिचा छडा लावण्याची जबाबदारी घेणं. माझ्या फजितीचा सगळा अर्थ या चौथ्या अटीत आहे, म्हणून इंजिनिअरिंगच्या पेपरालाही मी ती लावतो.

पण या नियमांचा एक दुरुपयोग होतो, आणि हुशार माणसंच तो करतात. ज्युनिअरने मसुदा लिहिला नाही, सबब दुसरी अट पुरी होत नाही, सबब नाव आभारात. बरोबर ना? चूक. त्याला मसुदा दाखवलाच नाही, मग तो लिहिणार कसा? ज्याने पहिली अट पुरी केली, त्याला लिहिण्याची, वाचण्याची आणि मान्यता देण्याची संधी द्यायलाच हवी, असं त्या वैद्यकीय समितीने स्पष्ट म्हटलं आहे. दार बंद करून ‘आला नाही’ असं म्हणायचं नाही. त्याला आज फोन करा, आणि डेटाचा विभाग त्यालाच लिहायला सांगा. इंग्रजी कच्चं असेल तर असू द्या. तो विभाग तुमच्यापेक्षा तो नेमका लिहील.

विभागप्रमुखांचं नाव. इथेच सगळ्यांची पंचाईत होते, तेव्हा गुळमुळीत बोलत नाही. प्रयोगशाळा दिली, सही दिली, निधीचा अर्ज पुढे पाठवला, याने कोणी लेखक होत नाही. पण त्यांना नाव का हवंय, हे समजून घ्या. ते नेहमीच हावरटपणातून येत नाही. विद्यापीठीय अध्यापकांसाठीच्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत, नेमणूक-बढतीसाठी मोजल्या जाणाऱ्या संयुक्त पेपरच्या गुणांची वाटणी ठरलेली आहे. दोनच लेखक असतील तर दोघांना ७०-७० टक्के. त्याहून जास्त असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३०. तिसरा येवो की दहावा, त्याला ३० मिळतातच. म्हणजे यादीत एक नाव वाढवायला कोणाला काही खर्च येत नाही, आणि आलेल्याला फायदा होतो. अशी व्यवस्था असली की नावं वाढणारच. पत्रव्यवहाराच्या लेखकपदावरून गाइड आणि विद्यार्थी यांच्यात जी ओढाताण दिसते, तिचं मूळही या ७० मध्ये आहे.

तुम्ही एकट्याने जाऊन ‘सर, तुमचं नाव बसत नाही’ असं सांगू नका. तुमची पीएचडी व्हायची आहे. हे काम गाइडचं. ते टाळत असतील तर एक सभ्य वाट आहे. योगदानाच्या १४ भूमिकांची एक ठरलेली यादी असते: कल्पना, पद्धत, सॉफ्टवेअर, पडताळणी, डेटाची निगा, पहिला मसुदा, निधी मिळवणं वगैरे. २०२२ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाणित दर्जाही मिळाला. ऊर्जेवरची बरीच जर्नलं, उदाहरणार्थ ‘अप्लाइड एनर्जी’, प्रत्येक लेखकापुढे यातल्या भूमिका मागतात. तुमच्या जर्नलने मागितल्या नसल्या तरी तक्ता करा, सातही नावं घाला, आणि सगळ्यांना मेल करा: ‘आपल्या नावापुढे काय लिहू ते कळवावं, ही विनंती.’ विभागप्रमुख सज्जन असतील तर रकाना रिकामा पाहून स्वतःच म्हणतील, “माझं राहू दे.” माझ्या पाहण्यात बहुतेक जण असंच म्हणतात. काही जण ‘मार्गदर्शन’ असं लिहून पाठवतात. मग गाइडनी पुढचा प्रश्न विचारावा, कुठल्या भागाचं. वय आणि पद पाहता हा प्रश्न तुम्ही विचारायचा नाही.

आणि तरीही नाव घालावंच लागलं तर? तसं होतं. मी संत नाही, माझ्याही जुन्या पेपरांत अशी नावं आहेत. अशा वेळी निदान एवढं करा की ते नाव कोणाच्या जागेवर येऊ नये. मानाचं पान द्यायला ज्युनिअरला पंगतीतून उठवायचं नाही.

कंपनीच्या दोघांचं वेगळं आहे. तुम्ही लिहिलंय की डेटा देताना त्यांनी अटच घातली, आमची दोन नावं येतील. ही डेटाची किंमत नावांत वसूल करण्यातली गत आहे. आधी हे शोधा की दोघांपैकी कामाला कोण आलं. एकजण बहुधा असा असतो, जो चार्जरच्या आतलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) ओळखतो आणि ‘ही रिकामी सत्रं खोटी नाहीत, गाडीनेच वीज नाकारली’ असं सांगतो. तो लेखक होऊ शकतो, आणि त्याला मसुदा पाठवा. दुसरा त्याचा साहेब असतो. त्याचे आभार माना, कंपनीचं नाव डेटाचा स्रोत म्हणून ठळक लिहा. कंपनीचा माणूस लेखक असेल तर हितसंबंधाची नोंद करा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लपवलंत तर मात्र वाटेल.

करारात आणखी एक कलम नीट वाचा. छापण्याआधी मसुदा पाहायला ३० दिवस मागितले तर द्या. त्यांचं गुपित फुटत नाही ना, हे पाहण्याचा हक्क त्यांना आहे. पण ‘संमतीशिवाय प्रसिद्धी नाही’ असं लिहिलं असेल, तर तुम्ही लेखक नाही, त्यांचे जाहिरातवाले आहात. उद्या तुमच्या निष्कर्षात त्यांचे चार्जर कमी पडले, तर पेपर कपाटात जाईल.

सोसायटीतल्या लोकांचा विचार तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, तो करा. चार्जिंगच्या वेळा म्हणजे घर कधी रिकामं असतं याचं वेळापत्रक. पार्किंगचा नंबर, चार्जर सुरू करण्याच्या आरएफआयडी कार्डाचा क्रमांक, गाडीचं मॉडेल हे तीन रकाने एकत्र आले की शेजाऱ्याला फ्लॅट ओळखता येतो. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच. कायदा नसता तरी हे रकाने काढून टाकणं आणि तसं केल्याचं पेपरात लिहिणं हे लेखकांचं काम आहे. कोणी केलं, तेही तक्त्यात येऊ द्या.

ज्युनिअरच्या बाबतीत एक सुचवतो. कॅलटेकच्या मंडळींनी त्यांच्या आवारातल्या चार्जिंगचा डेटा २०१९ मध्ये जगाला खुला केला, आणि त्या डेटावरच एक स्वतंत्र पेपर लिहिला. आज चार्जिंगवर काम करणारे देशोदेशीचे लोक तो डेटा वापरतात आणि त्या पेपरचा उल्लेख करतात. तो डेटा कामाच्या ठिकाणचा आहे, म्हणजे गाड्या सकाळी येऊन लागतात. भारतातल्या सोसायटीला तो जसाच्या तसा लावणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, तसं करू नका. पण युक्ती घ्या. कंपनी परवानगी देत असेल तर नावं-नंबर काढलेला तुमचा डेटा खुला करा, आणि त्यावरच्या छोट्या पेपराचा पहिला लेखक ज्युनिअरला करा. मग या पेपरात तो दुसरा असला तरी त्याला ते खुपणार नाही.

क्रमाचं आता फारसं उरलेलं नाही. आपल्या शाखेत पहिलं नाव ज्याचं काम सगळ्यात जास्त त्याचं, आणि शेवटचं बहुधा गाइडचं असं लोक वाचतात. गणितात आणि अर्थशास्त्रात आद्याक्षराप्रमाणे लावतात, त्यामुळे तिकडच्या माणसाबरोबर लिहीत असाल तर आधीच बोलून घ्या. यादी लांब असणं हा स्वतःत गुन्हा नव्हे. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा २०१५ चा पेपर ५,१५४ लेखकांचा होता, आणि ३३ पानांपैकी २४ पानं नावं आणि संस्थांचीच होती. पण त्या प्रयोगामागचं यंत्रच हजारो माणसांनी उभं केलेलं होतं. तुमची डीपी एक आहे.

पत्रव्यवहार कोण करणार, ते ७० टक्क्यांवरून ठरवू नका, पाच वर्षांनी मेलला उत्तर कोण देईल यावरून ठरवा. विद्यार्थ्याचा कॉलेजचा ईमेल पीएचडी संपली की बंद पडतो. तुम्हीच करणार असाल तर टिकणारा पत्ता द्या. ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा, सोळा अंकी क्रमांक सगळ्यांनी काढून ठेवा. आपल्याकडे तो चैन नाही, गरज आहे. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव अशी आपली तीन पदरी नावं, कधी आद्याक्षरं, कधी पूर्ण. त्यात लग्नानंतर आडनाव बदललेल्या माझ्या दोन विद्यार्थिनींचे पेपर कागदोपत्री चार बायकांमध्ये वाटले गेले होते. ते एकत्र करताना नाकी नऊ आले.

चॅटजीपीटीचं सोपं आहे. यंत्र लेखक होऊ शकत नाही, कारण त्याला कोणी जाब विचारू शकत नाही. मजकूर त्याने तयार केला असेल तर कुठल्या भागात आणि कितपत वापरलं, हे आयईईईच्या नियमाप्रमाणे आभारात सांगावं लागतं. नुसतं व्याकरण सुधारलं असेल तरीही सांगून टाकावं, असं ते सुचवतात. (१९७५ मध्ये हेदरिंग्टन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याच्या पेपरात सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं होतं. पुन्हा टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्याने आपल्या मांजराला सहलेखक केलं, आणि पेपर छापूनही आला. मांजराला जमलं ते यंत्राला जमणार नाही.) तुमच्या बाबतीत माझी भीती वेगळी आहे. वाक्य गुळगुळीत करताना ते ‘जोडलेला वेळ’ आणि ‘चार्जिंगचा वेळ’ यांना एकच करून टाकतं. प्रत्येक वाक्य मूळ आकड्याशी पुन्हा ताडून पाहा.

नावं पाठवण्याआधी पक्की करा, कारण नंतर बदलायला सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि संपादक संशयाने पाहतात. तो संशय फुकाचा नाही. समाजमाध्यमांवर ‘पहिलं नाव एवढे, तिसरं नाव तेवढे’ अशी दरपत्रकं फिरतात, आणि दुरुस्तीच्या फेरीत अचानक उगवलेलं नाव ही त्या धंद्याची खूण समजली जाते. वाद झालाच तर जर्नल निवाडा करत नाही. ते पेपर थांबवतं आणि तुमच्याच संस्थेला विचारतं. म्हणजे चेंडू पुन्हा विभागप्रमुखांच्या टेबलावर. पुढच्या पेपराच्या वेळी काम सुरू होण्याआधी चार ओळींचा मेल करा: कोण काय करणार, आजच्या घडीला क्रम काय, आणि काम बदललं तर क्रम बदलेल.

तर तुमच्या सात नावांचं, तुम्ही सांगितलंय तेवढ्यावरून माझं मत: पहिले तुम्ही, दुसरा ज्युनिअर, तिसरा कंपनीतला फर्मवेअर जाणणारा (त्याने मसुदा वाचून मान्य केला तर), शेवटी गाइड. महावितरणच्या अभियंत्यांना विचारा. असमतोलाचा भाग त्यांचा असेल आणि खात्याची परवानगी मिळत असेल तर तिसऱ्यानंतर त्यांना जागा करा, नाहीतर आभारात. विभागप्रमुख आणि कंपनीचे साहेब आभारात. आभारात नाव घालण्याआधीही प्रत्येकाची लेखी संमती घ्या, कारण आभारातलं नाव म्हणजे निष्कर्षाला पाठिंबा, असं लोक धरून चालतात.

आणि एक नाव तुमच्या यादीत नाहीच. तुम्ही सहज लिहून गेलात की लॉगमधल्या गाड्या खऱ्या गाड्यांशी जुळवायला रात्रपाळीच्या वॉचमनची वही कामाला आली. कुठल्या खांबाला किती वाजता कोणती गाडी, हे तो स्वतःच्या सवयीने लिहायचा. चिकटलेली सत्रं तुम्ही त्या वहीवरून तोडलीत. त्याला विचारा, आणि तो हो म्हणाला तर आभारात त्याचं पूर्ण नाव घाला, ‘सोसायटीचे कर्मचारी’ असं नको.